आठवारीचा कासोटा

आधीच सांगून ठेवते, चूक माझी होती. पण सगळी माझी नव्हती. अर्धी व्हेरोनिकाची होती, आणि ती बाई आजतागायत कबूल करत नाही.

मी कलावती. ठाण्यात बाळकुम नाक्यावरून आत वळलं की माझं शिवणाचं दुकान. बोर्डावर 'नऊवारी शिवून मिळेल' एवढंच लिहिलंय, कारण एवढंच पुरतं. साडी आणून द्या, माप द्या, चौथ्या दिवशी येऊन पायजम्यासारखी पाय घालून चढवा. निऱ्या शिवलेल्या, कासोटा शिवलेला. लेझीम पथकं, मंगळागौरीचे ग्रुप, डोंबिवलीच्या शोभायात्रेत बुलेट चालवणाऱ्या मुली, सगळ्या माझ्याकडे येतात. एक मुलगी बुलेटवरून पडलेली. गुडघा फुटला, पण कासोटा जागचा हलला नाही.

व्हेरोनिका माझ्या दुकानामागे गावठाणात राहते. ईस्ट इंडियन, म्हणजे इथलीच मूळची ख्रिस्ती. तिच्या सासऱ्यांची इथे भातशेती होती, तिथे आता आमची बिल्डिंग आहे, आणि हे ती मला भांडणात दरवेळी ऐकवते. तीस वर्षांची मैत्री आहे आमची. तिचा नवरा गेला, तेव्हापासून तिला एकच माणूस, मुलगा लॉईड. तो स्कॉटलंडला ग्लासगोमध्ये बोटींच्या इंजिनांचं काम करतो.

त्याने नोव्हेंबरमध्ये फोन करून सांगितलं, "मम्मी, मी लग्न ठरवलंय."

"कोणाशी रे? नाव काय पोरीचं?"

"आयला."

"अरे, आईशी बोलतोस, शिव्या काय देतोस?"

"नाव आहे मम्मी. तिचं नाव आयला आहे."

व्हेरोनिका फोन ठेवून तडक माझ्याकडे आली. तिला वाटलेलं मी तरी गंभीरपणे घेईन. पण आमचे हे, तानाजीराव, तिथेच चहा पीत बसलेले. त्यांच्या नाकातून चहा आला. म्हणाले, "सोय झाली पोराची. ठेच लागली तरी बायकोचंच नाव घेणार."

डिसेंबरच्या सुरुवातीला लॉईड एकटाच आला. लग्न जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी ठरलेलं, ठाण्यातल्या चर्चात. माझ्याकडे आला तो एक खाकी कागदातलं पुडकं घेऊन. आत लोकरीचं कापड. गडद हिरवा आणि निळा चौकडा, त्यातून एक बारीक पिवळी रेघ गेलेली.

"आंटी, मला याचा किल्ट शिवून पाहिजे. लग्नात घालायचाय."

मी म्हटलं, किल्ट म्हणजे तो स्कर्ट ना? तर त्याला राग आला. म्हणाला, स्कर्ट नाही म्हणायचं. तिथे प्रत्येक कुळाचा आपापला चौकडा असतो. माणसाचा चौकडा बघून तो कोणाचा ते कळतं. लॉईडला कुठलं कूळ असणार तिथे? म्हणून मुलीकडच्यांनी त्यांचा चौकडा दिला, आमचा जावई म्हणून घाल. आमच्यात देवक असतं तसंच झालं हे. मला एकदम पटलं.

"कापड किती आहे?"

"आठ यार्ड."

"यार्ड म्हणजे वारच ना रे? म्हणजे आठवारी."

पुरुषांनी आठवारी नेसायची, बायकांपेक्षा एकच वार कमी. म्हटलं देश समजूतदार दिसतोय.

मग त्याने मला मोबाइलवर तिकडचे फोटो दाखवले. डोंगर, धुकं, मेंढ्या, पुन्हा डोंगर, पुन्हा मेंढ्या. झाड औषधाला नाही. आपला माळशेज घाटच पावसाळ्यातला, फक्त भुट्टेवाले नाहीत. खायला काय असतं विचारलं, तर म्हणाला मेंढीचं काळीज, फुप्फुस, ओट्स, सगळं तिच्याच पोटात भरून शिजवतात. व्हेरोनिका म्हणाली, "म्हणजे वजडीच की. त्यात काय एवढं, आपल्यात रविवारी असते." मला वाटतं त्या दिवशी पहिल्यांदा तिचा जीव थोडा भांड्यात पडला.

जाताना लॉईडने मला एक व्हिडिओ पाठवला, किल्ट कसा शिवायचा त्याचा. चाळीस मिनिटांचा. एक दाढीवाला बाबा इंग्रजीत निऱ्या समजावून सांगत होता. मी तीन मिनिटं बघितला आणि बंद केला. पंचवीस वर्षं निऱ्या घालतेय मी, मला निऱ्या शिकवायला ग्लासगोहून दाढीवाला कशाला?

"आंटी, जपून हां. कापड खास आहे," लॉईड दारातून म्हणाला. पुढे काहीतरी बोलणार होता, पण त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत निघून गेला.

खास म्हणजे भारीतलं, असं मी धरून चालले.

दोन दिवसांनी व्हेरोनिका आली. दार लावून घेतलं. एवढ्या हळू आवाजात ती फक्त कन्फेशनला बोलत असेल.

"कला, त्या किल्टच्या आत ते लोक काय पण नाय घालत."

"काय पण नाही म्हणजे?"

"काय पण नाय म्हणजे काय पण नाय."

मी मशीन थांबवलं.

"पोरगा आल्टरपुढे गुडघे टेकणार," ती म्हणाली. "मागे अख्खा गावठाण बसलेला. आणि दारात खाडीचा वारा."

"मग त्याला सांग ना, चड्डी घाल म्हणून."

"सांगितला. म्हणतो मम्मी, तो रिवाज आहे. आता तूच काय ते कर. पण लॉईडला बोलू नको."

मी विचार केला. मैत्रिणीच्या अब्रूचा प्रश्न, आणि उपाय तर माझ्या हातात. आठ वार कापड, वर निऱ्या, आत उघडं. यावर आमच्या आज्या-पणज्यांनी कधीच तोड काढून ठेवलीय. कासोटा. पन्हा जरा कमी पडत होता, पण मी कात्री घेतली, मधोमध कापलं, मांडीशी गोलाई काढली, जोड दिला, निऱ्या पुढे घेतल्या, कासोटा मागे नेऊन कंबरेत पक्का शिवला. झाल्यावर स्वतःच लांबून बघितलं. काय सांगू, देखणा दिसत होता. उडी मारा, गुडघे टेका, वादळ येऊ दे, सुटायची बात नाही.

लग्नाच्या आठवड्यात मंगळवारी व्हेरोनिकाचा गावठाणभर आवाज, "आयला आयली, आयला आयली." तिच्या बोलीत आली म्हणायचं तर आयली म्हणतात. बिचारी मुलगी टॅक्सीतून उतरली आणि तिला वाटलं हे लोक तिचं नाव दोनदा घेऊन स्वागत करतात. तिनेही हात वर करून दोनदा म्हटलं. मुलगी उंच, तांबूस केसांची, चेहऱ्यावर तीळच तीळ. बरोबर तिचे वडील, कॅलम. इतिहासाचे मास्तर, आता रिटायर. उन्हाने दोन तासांत त्यांचं नाक टोमॅटो झालेलं. आई नव्हती, ती दोन वर्षांपूर्वी गेली, एवढं मला माहीत होतं.

संध्याकाळी आम्ही त्यांना तलावपाळीला नेलं. लॉईड म्हणाला, तिकडे तलावाला लॉख म्हणतात. मी म्हटलं, "लॉख." तर कॅलमराव उभेच राहिले. पुन्हा म्हणायला लावलं. इंग्रज लोकांना तो ख म्हणता येत नाही म्हणे, सगळे 'लॉक' करून टाकतात. आणि इथे बाळकुमची शिंपीण पहिल्या फटक्यात म्हणाली. मग म्हणाले, आमच्या एका लॉखमध्ये एक राक्षसी जनावर राहतं अशी दंतकथा आहे, तुमच्या तलावात काय आहे? मी पेडल मारायची बदकं दाखवली. ते म्हणाले, आमच्यापेक्षा बरं, निदान दिसतं तरी.

माणूस मला आवडला. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

भेळ खाताना आयलाने मला काहीतरी विचारलं. लॉईडने सांगितलं, "आंटी, ती विचारतेय किल्ट झाला का. तिला कापड बघायचंय. तिच्या आईने विणलेलं आहे ना."

"कोणी विणलेलं?"

"तिच्या आईने. घरी माग होता त्यांच्या. आजारी पडली तेव्हा विणायला घेतलं, मुलीच्या नवऱ्यासाठी. रोज वीतभर. तेव्हा मी त्यांना माहीत पण नव्हतो. पूर्ण केलं आणि तीन आठवड्यांनी गेली. मी बोललेलो ना तुम्हाला, खास आहे म्हणून."

माझ्या हातातली भेळ तशीच राहिली. मी म्हटलं, "बक्कल लावायचे बाकी आहेत. परवा दाखवते."

घरी येऊन कपाटातून ते काढलं आणि पलंगावर पसरलं. दिवसाउजेडी देखणं वाटलेलं, आता बघवेना. तानाजीराव म्हणाले, "उसवून टाक." उसवून काय होतंय? टाके उसवता येतात, कापलेलं कापड उसवता येत नाही. मग मोबाइलवर तो दाढीवाल्याचा व्हिडिओ पूर्ण बघितला, चाळीसच्या चाळीस मिनिटं. निऱ्या मागे घ्यायच्या होत्या. पुढून सपाट. म्हणजे कापलं ते चूक, शिवलं ते पण उलटं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बुधवारी सकाळी मी डोंबिवली गाठली. तो चौकडा कुठेतरी बघितल्यासारखा वाटत होता आणि रात्रभर आठवत आठवत शेवटी आठवलं, एका कॉन्व्हेंटच्या मुलींचे स्कर्ट तसेच असतात. युनिफॉर्मच्या दुकानात गेले.

"कुठली शाळा, मावशी?"

"शाळा नाही. नुसतं कापड द्या. आठ वार."

"आठ? किती मुली आहेत?"

"मुलगी नाही. मुलगा आहे."

"कितवीत?"

"इंजिनीअर आहे."

त्याने गल्ल्यावरच्या सेठला हाक मारली. मला समजावून सांगण्यात राम नव्हता. कापड घेतलं आणि घरी आले. मनात सगळं ठरलेलं होतं. एका दिवसात नवा किल्ट शिवायचा, निऱ्या मागे, दाढीवाला म्हणतो तसा. कोणाला कळणार आहे? चौकडा तोच, हिरवा तोच. पिवळ्या रेघेच्या जागी पांढरी होती, ती फॅब्रिक पेंटने रंगवता आली असती.

दोन्ही कापडं शेजारी शेजारी ठेवली आणि हात फिरवला. शाळेचं कापड सगळीकडे एकसारखं. तिचं तसं नव्हतं. सुरुवातीचे वार घट्ट, ठोकून ठोकून विणलेले. मग मधे कुठे घट्ट, कुठे सैल. आणि शेवटच्या दीड-दोन वारात वीण सैलच होत गेलेली. बाई थकली होती. तरी चौकडा चुकलेला नव्हता, कुठेच नाही. हे मला शिवताना दिसलं नाही? दिसलेलं. मी म्हटलं होतं, मागावरचं कापड, माल जरा कच्चा आहे.

मी तिथेच बसून रडले. मग शाळेचं कापड गुंडाळून माळ्यावर टाकलं.

गुरुवारी व्हेरोनिकाच्या अंगणात सगळे बसलेले असताना मी गेले आणि ते टेबलावर ठेवलं. म्हटलं, "लॉईड, मी जे बोलते ते नीट सांग त्यांना, गाळू नकोस. मी कापड कापलं. मला माहीत नव्हतं कोणी विणलं ते. मी विचारलं पण नाही. चुकलं माझं."

हे चुकलं माझं मी तानाजीरावांना सत्तावीस वर्षांत म्हटलेलं नाही.

लॉईडने उचलून बघितलं. "आंटी, हे काय आहे?"

"कासोटा."

"कासोटा का?"

मी व्हेरोनिकाकडे बघितलं. व्हेरोनिका अंगणातल्या आंब्याच्या झाडाकडे बघत होती.

"तुझ्या आईला विचार."

"मला काय विचारायचा?" ती म्हणाली. "मी चड्डीचा बोललेले. मी कापड काप बोलली का?"

"तूच काय ते कर, असं कोण म्हणालं? दार लावून कोण आलेलं?"

"अगो, मी करायला सांगितला, म्हणून तू माझ्या पोराला लेझीम खेळायला पाठवशील?"

चोराच्या उलट्या बोंबा. मग मीही सोडलं नाही. तिने भातशेती काढली, मी तिने मागच्या नाताळात माझी डब्यांची चळत परत केली नव्हती ते काढलं. पाचेक मिनिटं आमचं असं चाललं, आणि मग माझ्या लक्षात आलं की आयला उठून गेलीये. विहिरीपाशी पाठ करून उभी होती. खांदे हलत होते.

कॅलमरावांनी चष्मा लावला. किल्ट उलटा केला, माझा जोड बघितला, कासोटा ओढून बघितला. आणि हसायला लागले. मग लॉईडला सांगत गेले आणि लॉईड आम्हाला.

पावणेतीनशे वर्षांपूर्वी म्हणे तिकडच्या डोंगरातल्या लोकांनी राजाविरुद्ध लढाई केली आणि हरले. राजाने त्यांच्या किल्टवर, चौकड्यावर बंदी आणली. पकडला तर तुरुंग. सगळ्यांनी विजार घातली पाहिजे. तर त्या लोकांनी काय करावं? कायद्यात विजार पाहिजे एवढंच लिहिलेलं, अंगावर कुठे पाहिजे ते नव्हतं. काही जण विजार काठीला अडकवून काठी खांद्यावर टाकून फिरायला लागले. आणि काही जणांनी किल्टच घेतला, मांड्यांच्या मधोमध चार टाके मारले आणि शिपायाला म्हणाले, ही बघा विजार.

"पस्तीसेक वर्षांनी बंदी उठली," लॉईड म्हणाला. "ते म्हणतायत, त्यानंतर हे टाके घालणाऱ्या तुम्हीच पहिल्या असाल. आणि ते म्हणतायत आयलाची आई असती तर पोट धरून हसली असती."

"निऱ्या पण उलट्या आहेत, ते सांग," मी म्हटलं.

"ते त्यांना दिसलंय."

आयला परत आली. डोळे लाल. ती हसली नाही. तिने एकच विचारलं, कापलेले तुकडे कुठे आहेत? मी पिशवीतून काढून दिले, दोन तिकोनी तुकडे, चिंध्यांत टाकलेले नव्हते एवढंच माझं नशीब. तिने ते घेतले आणि घरात गेली. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबर होतं.

शुक्रवारी उंबराचं पाणी होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीचं पाणी आणतात ते. नवरीला लुगडं नेसवायचं होतं, ईस्ट इंडियन लाल चौकड्याचं, आणि व्हेरोनिकाने, माझ्याशी न बोलता, तानाजीरावांच्या हाती निरोप पाठवला की निऱ्या घालायला ये. मी गेले. आयला लाकडासारखी उभी. मी खाली बसून एकेक निरी घेत होते. तिने लुगड्याचा चौकडा बोटाने मोजला, एक, दोन, तीन, आणि वरून म्हणाली, "घट्ट." हा शब्द तिला कोणी शिकवला देव जाणे. मी घट्ट खोवलं.

शनिवारी लॉईडने तोच घातला. कासोट्यासकट, उलट्या निऱ्यांसकट. कॅलमरावांनी बजावलेलं, एक टाकाही उसवायचा नाही. लॉईडने आल्टरपुढे गुडघे टेकले आणि मागून अख्ख्या गावठाणाने मान वाकडी करकरून बघितलं, पण बघण्यासारखं काही नव्हतं. व्हेरोनिकाने तिसऱ्या बाकावरून वळून माझ्याकडे बघितलं. तेवढाच आमचा समेट. बाहेर पायऱ्यांवर मात्र खाडीचा वारा आला, आणि कॅलमरावांच्या अंगावर त्यांचा स्वतःचा किल्ट होता, बिनटाक्याचा. व्हेरोनिकाने छातीवर क्रूसाची खूण केली आणि डोळे मिटले. मी मिटले नाहीत. सांगते, काळी हाफपँट होती.

सोमवारी कॅलमराव दुकानात आले, लॉईडला घेऊन. संध्याकाळचं विमान होतं. लॉईड-आयला महिनाभर इथेच राहणार, ते एकटे परत निघालेले. दारात उभे राहूनच बोलायला लागले. लॉईडने सांगायला सुरुवात केली आणि मधेच अडखळला. त्यांनी त्याला, सांग, म्हणून खूण केली.

"ते म्हणतायत, ती बंदीची गोष्ट खरी आहे. वर्गात शिकवायचे ते. पण आयलाची आई हसली असती म्हणाले, ते खोटं होतं."

"मग काय केलं असतं तिने?"

"ओरडली असती. तुमच्या हातातून कात्री खेचून घेतली असती. तुम्हाला घराबाहेर काढलं असतं, मग ह्यांना पण, कारण हे मधे पडले असते. मग हे लॉखच्या काठाने दोन तास फिरून आले असते, आणि तोपर्यंत तुम्ही दोघी आत चहा पीत बसलेल्या असता."

मी हातातला खडू खाली ठेवला.

"ते म्हणतायत, दोन वर्षं झाली, घरात त्यांच्यावर कोणी ओरडलेलं नाही. सगळे हळू बोलतात. त्या दिवशी अंगणात तुम्ही आणि मम्मी भांडत होता, तेव्हा ते खुर्ची जवळ ओढून बसलेले. शब्द एक कळत नव्हता, पण खूप बरं वाटलं."

एवढा मोठा माणूस टोपी हातात धरून उभा, आणि नाकाची सालं निघालेली. मी खाली बघितलं, कारण वर बघणं शक्य नव्हतं. आणि खाली बघितलं तर काय, उद्या द्यायची दुसऱ्या एका नवरीची पांढरी नऊवारी मी जमिनीवर आखायला पसरलेली, आणि हा बाबा तिच्या पदरावर बूट घालून उभा.

"अहो कॅलमराव," मी म्हटलं, "डोळे आहेत की बटणं? दोन तास इस्त्री केलीये मी त्याला. ते बूट काढा आधी. काढा म्हणते ना. मास्तर म्हणे. कोणी शिकवलं तुम्हाला, दुसऱ्याच्या घरात बूट घालून यायला? आणि टोपी घाला डोक्यात, ते नाक बघा जरा आरशात. विमानात तरी काही खाल की नाही? तिकडे जाऊन स्वतः रांधता की पाव खाऊन झोपता?"

ते एका पायावर उभे राहून बुटाची नाडी सोडत होते, कानापर्यंत लाल. लॉईड भाषांतर करायला लागला, तर त्यांनी हात वर करून त्याला गप्प केलं.